दर्यातली खसखस



‘दर्यात खसखस’ असा आपल्याकडे एक वाक्प्रचार आहे. एवढ्या अफाट समुद्रात मूठभर खसखस टाकली तर तिचा पत्ता कुणाला लागणार, असा त्याचा अर्थ. मुंबई शहराने हे शब्द जरा जास्तच मनावर घेतलेले दिसतात. घरातले, कारखान्यातले, इस्पितळातले सांडपाणी आपण पिढ्यानपिढ्या समुद्राकडे ढकलत आलो आणि म्हणत आलो, समुद्र सगळे पोटात घेतो. मध्यंतरी परळच्या एका चाळीत आरोग्यावर बोलायला गेलो होतो. तिथे एका आजीने विचारले, “दादा, एवढी घाण रोज जाते, मग समुद्र नासत कसा नाही? आमचे तर वरण रात्री झाकायचे राहिले तर सकाळी आंबते.”

प्रश्न साधा वाटतो. पण मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही वेगळ्या शब्दांत हाच प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर गेल्या ३०-४० वर्षांतच नीट हाती लागले आहे. हे उत्तर आपल्या पाण्याशी, पावसाळ्यातल्या जुलाब-उलट्यांशी आणि गटारात उतरून काम करणाऱ्या आपल्या माणसांशी निगडित आहे. म्हणून यावेळी या सदरात समुद्राच्या पाण्याचा जमाखर्च मांडावा असे ठरवले. मी बी.कॉम. झालेला कारकून. विज्ञान वाचतो तेही हिशेबाच्या नजरेनेच. तेव्हा हिशेबानेच जाऊ.

चमचाभर पाण्याचा ताळेबंद

गिरगाव चौपाटीवर जा, चहाचा एक चमचा समुद्राच्या पाण्याने भरा. डोळ्यांना मीठ आणि थोडा गाळ यापलीकडे काही दिसणार नाही. पण समुद्राच्या पाण्यात साधारणपणे दर मिलिलिटरला १० लाख जिवाणू असतात, म्हणजे ५ मिलिलिटरच्या चमच्यात ५० लाख. आणि विषाणू? ते त्यांच्या दहापट, म्हणजे ५ कोटींच्या घरात. २०११ च्या जनगणनेत आपल्या मुंबईची लोकसंख्या भरली १ कोटी २४ लाख. अशा चार मुंबया एका चमच्यात! हे आकडे ढोबळ आहेत. किनाऱ्यानुसार आणि ऋतूनुसार ते कमीजास्त होतात. हे कमीजास्त होणे हाच आजचा विषय आहे.

ही खसखस आधी कुणाला का दिसली नाही? कारण पूर्वी जिवाणू मोजायचे ते बशीत खाद्य घालून, त्यावर वाढवून. समुद्रातले बहुतेक जिवाणू अशा बशीत वाढतच नाहीत. विषाणू तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाहीत. १९८९ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नैसर्गिक पाण्याचे नमुने मोजले आणि काही पाण्यात मिलिलिटरला २५ कोटींपर्यंत विषाणू असल्याचे ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केले. तोवर समुद्र विषाणूंच्या बाबतीत जवळजवळ रिकामा समजला जात असे. एका दिवसात शिल्लक शून्यावरून कोटींवर गेली!

विषाणू म्हटले की आपल्याला २०२० चा कोरोना आठवतो आणि छातीत धस्स होते. पण समुद्रातले बहुसंख्य विषाणू माणसाच्या वाटेला जात नाहीत. ते जिवाणूंवर जगतात. त्यांना ‘बॅक्टेरिओफाज’ किंवा नुसते ‘फाज’ म्हणतात, म्हणजे जिवाणू खाणारे. १९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांना त्यांचा सुगावा लागला. १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या फेलिक्स डी’हेरेल यांनी त्यांना हे नाव दिले. जिवाणू बोराएवढा धरला तर त्याचा फाज खसखशीच्या दाण्याएवढा. हा दाणा जिवाणूला चिकटतो, आपला वंश त्याच्या पोटात सोडतो आणि त्या जिवाणूच्याच कारखान्यात स्वतःच्या प्रती काढायला लावतो. काही वेळाने जिवाणू फुटतो आणि डझनावारी, कधी शेकड्याने नवे फाज बाहेर पडतात. समुद्रातल्या एकूण जिवाणूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा रोज असा फुटून संपतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. फुटलेल्या जिवाणूचा रस पाण्यात मिसळतो, त्यावर दुसरे जिवाणू पोसतात. काहीच वाया जात नाही.

आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. वरण आंबते, कारण त्यात एखादी जात बेसुमार वाढते आणि तिला अडवणारे कुणी नसते. समुद्रात एखादी जात माजू लागली की तिचाच फाज तिला गाठतो. प्रत्येक फाजाचे गिऱ्हाईक ठरलेले असते. पटकीच्या जिवाणूचा फाज टायफॉइडच्या जिवाणूकडे ढुंकूनही बघत नाही. गर्दी झाली की गिऱ्हाईक चटकन सापडते आणि फाज फोफावतो. गिऱ्हाईक विरळ झाले की तोही उपाशी मरतो. म्हणून जो जिंकतो तोच आधी मारला जातो. उरलेले अर्धे उत्तर असे की समुद्र अजिबात नासत नाही हे खरे नाही. माहीमच्या खाडीवरून लोकल जाते तेव्हा नाकाला जे कळते, ते नासणेच आहे.

समुद्राचे ऋतू

थंड देशांत समुद्राचे वर्ष उन्हा-थंडीवर चालते. वसंतात ऊन वाढले की पाण्यातली सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, फुलते. तिच्यावर जिवाणू वाढतात आणि त्यांच्या पाठोपाठ थोड्या दिवसांनी फाज वाढतात. हिवाळ्यात सगळेच ओसरते. आपल्याकडे तसे नाही. मुंबईचा समुद्र जानेवारी-फेब्रुवारीतही २४-२५ अंशांच्या खाली फारसा जात नाही आणि मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे आपल्या किनाऱ्याचा ऋतू ठरवतो तो पाऊस.

मे महिन्यात पाणी खारट असते, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. ऊन प्रखर असते. गटारातून आलेल्या, माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंना हे मीठ आणि हे ऊन दोन्ही सोसत नाहीत. उन्हातले अतिनील किरण फाजांनाही निकामी करतात. हा झाला खर्चाचा महिना.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाणी ओततो. रस्ते, उकिरडे, नाले, मिठी नदी, सगळे धुऊन समुद्रात जाते. किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ आणि मचूळ होते. मीठ उतरते, गढूळपणामुळे ऊन आत शिरत नाही. त्यामुळे आतड्यातले जिवाणू आणि त्यांचे फाज एरवीपेक्षा जास्त वेळ टिकतात. शिवाय आत येणारा माल कैक पटींनी वाढलेला असतो. हा जमेचा महिना, पण ही जमा आपल्या फायद्याची नव्हे. त्यातच मुंबईची मोठी भरती साडेचार-पावणेपाच मीटरपर्यंत चढते. अशा वेळी जोराचा पाऊस आला की पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही आणि हिंदमाता, परळ, लालबागच्या रस्त्यांवर ते तुंबते. म्हणजे समुद्राकडे निघालेली खसखस आपल्या उंबरठ्यात येते.

सप्टेंबरनंतर पाणी निवळते, ऊन आत जाते, पावसाने आणलेल्या खतावर प्लवक वाढते आणि खास समुद्रातले जिवाणू व त्यांचे फाज पुन्हा आपला संसार थाटतात. थंडीत उत्तरेकडून कोरडे, गार वारे सुटतात, उत्तर अरबी समुद्राचे वरचे पाणी थंड होऊन खाली जाते आणि खालचे खाद्य वर येते. अशाच मोसमात, २०२० च्या नोव्हेंबरात, जुहूच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला लोकांनी गर्दी केली होती. तो चमत्कार नव्हता आणि कुणाचा कोपही नव्हता. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय प्लवक हलला की प्रकाश देतो, इतकेच.

पटकी का येते आणि का जाते?

या ऋतुचक्राचा माणसाच्या जगण्या-मरण्याशी संबंध काय, हे ढाक्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू हा मुळात मचूळ पाण्यात, खाड्यांत राहणारा. कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी प्राणी-प्लवकांना तो चिकटून असतो. बांगलादेशात पटकी वर्षातून साधारण दोनदा उसळते, पावसाच्या आधी आणि पावसानंतर. ती येते का हे कळत होते, पण ती आपोआप ओसरते का, हे नीट उलगडत नव्हते.

ढाक्यातल्या नदी-तलावांचे पाणी सातत्याने तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. पाण्यात पटकीचे फाज कमी होते तेव्हा पटकीचे जिवाणू आणि रुग्ण वाढले. फाज वाढले तेव्हा साथ ओसरली. साथीच्या शेवटी शेवटी रुग्णांच्या मलातही फाज मोठ्या संख्येने सापडू लागले. म्हणजे रोगाचा जिवाणू माणसाच्या पोटात वाढत होता आणि त्याच पोटात त्याचा काळही वाढत होता. मग गिऱ्हाईक संपले, फाज ओसरले आणि पुढच्या मोसमात जिवाणूला पुन्हा रान मोकळे मिळाले. मांजर आणि उंदीर यांचा हा खेळ वर्षानुवर्षे चालला आहे.

पण इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. साथ आपोआप ओसरते, हे खरे. पण ओसरेपर्यंत किती घरांतली माणसे जातात? निसर्गाचा हिशेब जुळतो, पण तो जुळेपर्यंत माणसाचा संसार बुडतो. निसर्गावर सोडून द्या म्हणणारा बहुधा स्वच्छ पाण्याच्या नळाजवळ राहत असतो.

गंगाजळ, चवदार तळे आणि गटार

फाजांची गोष्ट निघाली की हल्ली एक जण हमखास उठून सांगतो, “बघा, गंगेच्या पाण्यात जंतू मरतात हे आता विज्ञानानेही मान्य केले!” यामागची हकिकत समजून घ्यावी. १८९६ साली आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक हॅन्किन यांनी लिहिले की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जिवाणू काही तासांत मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो. पुढे फाजांचा शोध लागल्यावर अनेकांनी म्हटले, हॅन्किनने फाजच पाहिले असणार. पण हॅन्किन यांनीच हेही नोंदवले होते की हवाबंद नळीत तापवलेल्या पाण्याचा गुण टिकतो. फाज तर तापवल्यावर टिकत नाहीत. म्हणून आजचे अभ्यासक या तर्कावर शंका घेतात.

आणि समजा, ते फाजच होते. तरी त्यात पावित्र्य कुठले आले? जिथे जिवाणू तिथे त्यांचे फाज. ते गंगेत आहेत, मिठीत आहेत, दादरच्या नाल्यातही आहेत. आजचे शास्त्रज्ञ नवे फाज शोधायला तीर्थक्षेत्री जात नाहीत, सांडपाण्याच्या गटारावर जातात, कारण सर्वांत जास्त माल तिथे असतो. पाण्यात एखाद्या जिवाणूचे फाज भरपूर सापडले तर त्याचा अर्थ एवढाच की तो जिवाणूही तिथे भरपूर होता किंवा आहे. म्हणूनच आतड्यातल्या जिवाणूंच्या फाजांची मोजणी हे पाण्यात मैला मिसळल्याची खूण म्हणूनही वापरतात.

वर्षांचा एक योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. डी’हेरेल १९२७ साली पंजाबात पटकीच्या रुग्णांना फाज पाजून आणि गावच्या विहिरींत फाज टाकून साथ अडवता येते का, हे पाहत होते. त्याच वर्षी २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे बाटले म्हणून नंतर सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून ते ‘शुद्ध’ केले. एकाच देशात, एकाच वर्षी, पाणी शुद्ध करण्याच्या दोन कल्पना! एकीत सूक्ष्मदर्शक होता, मोजणी होती, चुकले तर चुकले म्हणण्याची तयारी होती. दुसरीत पाण्यात शेण घालून माणसाला अपवित्र ठरवले होते. पाणी कशाने बाटते हे जिवाणू सांगतो, जात सांगत नाही.

मारक तोच विषारी

फाज म्हणजे आपला मित्र, असेही समजून चालू नये. पटकीचा जिवाणू माणसाला मारतो तो एका विषामुळे. त्या विषाने आतड्यातून पाणी सुटते आणि काही तासांत माणूस सुकतो. १९९६ साली वॉल्डर आणि मेकॅलॅनोस या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवले की हे विष तयार करण्याची सूचना जिवाणूची स्वतःची नव्हेच. ती एका फाजाने त्याच्यात आणून ठेवलेली आहे. हा फाज जिवाणूला फोडत नाही. त्याच्या घरात भाडेकरू होऊन राहतो आणि भाड्यापोटी त्याला विष देतो. म्हणजे एका जातीचा फाज पटकी आवरतो, तर दुसऱ्या जातीच्या फाजाने मुळात पटकी विषारी केली. घटसर्पाच्या जिवाणूचे विषही असेच फाजाकडून आलेले आहे, हे तर १९५१ सालीच कळले होते. निसर्गाला आपले-परके काही नसते. त्याची पूजा करू नये आणि त्याच्यावर रागवूही नये. त्याला समजून घ्यावे.

समजून घेण्याचे हे काम आपल्या दाराशीच चालत आले आहे. परळच्या हाफकिन संस्थेवरून आपण रोज ये-जा करतो. ज्यांच्या नावाने ती आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ते इथे आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. आपल्या मुलांना शाळेच्या सुट्टीत ती इमारत निदान बाहेरून दाखवा आणि ही गोष्ट सांगा.

आपल्या घरात काय करायचे?

आता कामाचे. पहिली गोष्ट माता-भगिनींसाठी. नळाला फडके बांधण्याची आपल्या चाळींतली पद्धत जुनी आहे. २००३ साली रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी सुती साडी चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळले तर पटकीचे रुग्ण सुमारे ४८ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ निम्म्याने कमी झाले. कारण साडीचे पदर त्या कोपेपॉडांना अडवतात आणि त्यांना चिकटलेले जिवाणूही अडकतात. जुने लुगडे धुऊन-धुऊन विरते, त्याचे धागे फुगून भोके बारीक होतात, म्हणून नवीपेक्षा जुनी साडी चांगली. पण लक्षात ठेवा, ही अर्धी लढाई आहे. सुटे जिवाणू आणि काविळीचे विषाणू फडक्यातून आरपार जातात. म्हणून पावसाळ्यात गाळलेले पाणी उकळा, खळखळून उकळी येऊ द्या आणि झाकून ठेवा. फडके रोज धुऊन उन्हात वाळवा. न धुतलेले फडके हेच जंतूंचे घर होते.

दुसरी गोष्ट, जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ताबडतोब पाणी-साखर-मीठ. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलानोबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर असे पाणी तोंडाने पाजले. जिथे १०० तली ३० च्या आसपास माणसे दगावत होती, तिथे ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब सारखे होत असतील, लघवी बंद झाली असेल, मूल मलूल पडले असेल तर घरी थांबू नका. चिंचपोकळीचे कस्तुरबा हे साथीच्या रोगांचे पालिकेचे इस्पितळ आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन तिसऱ्या दिवशी बंद करू नका. त्यामुळे जिवाणू निर्ढावतात. असे निर्ढावलेले जिवाणू वाढल्यामुळेच आता जगभर फाजांचा औषध म्हणून पुन्हा अभ्यास चालू आहे. जॉर्जिया देशात तिबिलिसी इथे १९२३ साली निघालेली एलियावा संस्था तर हे काम आजही करते.

तिसरी गोष्ट मासळीची. पावसाळ्यात खडकावरची कालवे आणि गाळातल्या तिसऱ्या-शिवल्या स्वस्तात मिळतात. हे जीव दिवसभर पाणी गाळून त्यातले बारीकसारीक पोटात साठवतात. ज्या पाण्यात नाला येतो, तिथल्या शिवल्यांत नाल्याचाच माल असतो. नाल्याच्या तोंडाजवळच्या शिवल्या काढू नका. बाकी ठिकाणच्याही पूर्ण शिजवूनच खा, तोंड उघडले की लगेच उतरवू नका. कच्ची मासळी आणि खायचे जेवण यांची सुरी-पाट एक ठेवू नका.

चौथी गोष्ट चौपाटीची. अंघोळीच्या समुद्राला आपल्याकडे जो सरकारी निकष आहे, त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातले जिवाणू १०० च्या वर असू नयेत. पावसाळ्यात आणि नाल्याच्या तोंडाशी या निकषाची अपेक्षा धरणेच व्यर्थ. ६ डिसेंबरला गावोगावचे आपले बांधव चैत्यभूमीवर येतात. कित्येकांची मुले आयुष्यात प्रथमच समुद्र पाहतात आणि पाण्यात धावतात. त्यांना धावू द्या, पण पाणी तोंडात जाऊ देऊ नका आणि खाण्याआधी नळाच्या पाण्याने हात धुवायला लावा. स्वयंसेवकांनी एवढी सूचना ध्वनिक्षेपकावरून दिली तरी पुष्कळ होईल.

गटारात उतरणारा माणूस

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरले आणि मागोमाग लेप्टोस्पायरोसिसने माणसे गेली. हाही एक जिवाणूच. उंदरांच्या मुतातून तुंबलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतो. अशा पाण्यातून चालावे लागले तर घरी येताच साबणाने पाय धुवा आणि पायाला जखम असेल तर तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा. प्रतिबंधक गोळी कुणाला द्यायची, किती द्यायची, ते डॉक्टर ठरवतील.

आपण या पाण्यातून तासभर चालतो. पण ज्यांची नोकरीच त्या पाण्यात आहे त्यांचे काय? नाले, गटारे, मॅनहोल साफ करणारे हात कोणत्या वस्त्यांतून येतात, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. शास्त्रज्ञ गटाराचा नमुना घ्यायला जातो तेव्हा हातमोजे घालतो, नमुना सीलबंद बाटलीत घेतो, परत आल्यावर हात निर्जंतुक करतो. त्याच गटारात आपला भाऊ गळ्यापर्यंत उतरतो तेव्हा त्याच्या हातात काय असते? २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीच्या प्रसंगीही साधनांशिवाय माणूस उतरवला तर तो गुन्हाच, असे बजावले आणि मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ही भरपाई ३० लाख केली. हे आकडे पाठ करा. ठेकेदार तुम्हाला ते सांगणार नाही. आणि भरपाईचा आकडा पाठ असण्यापेक्षा बूट, हातमोजे आणि यंत्र मिळाल्याशिवाय खाली न उतरण्याचा निर्धार अधिक मोलाचा आहे.

आणि मुळाशी जायचे तर सांडपाणी समुद्रात सोडण्यापूर्वी पूर्ण शुद्ध करणे हाच उपाय आहे. वरळी आणि वांद्र्याहून नळ टाकून सांडपाणी किनाऱ्यापासून साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत सोडण्याची व्यवस्था झाली, पण ते नुसते चाळून, वाळू-कचरा काढून सोडले जात आले. जानेवारी २०२३ मध्ये वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणच्या नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण क्षमता रोज २४६ कोटी लिटर धरलेली आहे. या केंद्रांच्या कामावर आपल्या मंडळांनी लक्ष ठेवले पाहिजे. तिथे काम करणाऱ्यांना साधने मिळतात का, हेही विचारले पाहिजे.

तोवर एक छोटे काम प्रत्येक चाळ-समितीने हाती घ्यावे. पाण्याला वास येत असेल, रंग बदलला असेल तर वॉर्ड ऑफिसच्या जलखात्याकडे लेखी तक्रार द्या आणि नमुना तपासण्याची मागणी करा. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का बघून घ्या. एका वहीत तारखेनुसार दोन रकाने आखा, एकीकडे पाण्याची तक्रार, दुसरीकडे घरात जुलाब-उलट्यांचे रुग्ण किती. दोन पावसाळे ही वही नीट ठेवलीत तर साथ कोणत्या नळावर येते हे तुम्हीच अधिकाऱ्याला दाखवू शकाल. ढाक्याच्या शास्त्रज्ञांनीही शेवटी हेच केले होते. त्यांनी पाणी आणि रुग्ण यांची नोंद शेजारी शेजारी ठेवली. वही दहा-वीस रुपयांना मिळते. येत्या रविवारच्या बैठकीत ती घ्या आणि लिहिणाऱ्याचे नाव ठरवा.